किलबर्नचे चौदाशे पौंड

विषय विन्याने काढला. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या थिएटरने २०२४ मध्ये तिथल्या ज्यू चित्रपट महोत्सवाला ऐन वेळी नकार दिला, ती बातमी त्याला परवा कुणीतरी फॉरवर्ड केली. विन्याच्या फोनवर आलेली बातमी नेहमी ताजीच असते.

"भित्रे आहेत साले," तो म्हणाला. "इस्रायलकडून शिका म्हणावं. घुसून मारतात."

"बरोबर केलं थिएटरने," सतीश म्हणाला. "गाझात पोरं मरतायत आणि ह्यांना सिनेमे बघायचेत."

"बघा, पुळका बघा! बेन्या, तू सांग ह्याला. तुझं तर सगळं तिकडचंच."

बेन्या नुकताच आला होता. बेन्या ज्यू. शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, सुटल्याशिवाय तो कट्ट्यावर दिसत नाही. "माझं सगळं ठाण्याच्या चरईतलं आहे," तो म्हणाला. "वडील रेल्वेत, आजोबा रेवदंड्याचे तेली. नेतन्याहूने मला विचारून काही केलं असेल तर आठवत नाही. आणि विन्या, हे तू मला दर महिन्याला विचारतोस."

मला इथे बेन्याचं शंभर टक्के पटतं. शाळेपासून बघतोय, बातमीत इस्रायल आलं की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. विन्या त्याला मिठी मारतो, सतीश जाब विचारतो, पण दोघंही त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वकील समजतात. हॅमिल्टनमध्ये ह्याहून वेगळं काय घडलं?

सतीश मात्र तयारीचा गडी आहे. त्याने किलबर्न काढलं. "लंडनच्या किलबर्नमधलं ट्रायसिकल थिएटर, २०१४. त्यांनी ज्यू महोत्सवाच्या सिनेमांना हात लावला नव्हता. इस्रायली दूतावासाचे चौदाशे पौंड तेवढे सोडा, ती रक्कम आम्ही भरतो, एवढंच म्हणाले. आता ह्यात काय चूक?"

"आठ वर्षं महोत्सव त्याच थिएटरात व्हायचा ना?" सुरेखाने विचारलं. "तेव्हा चालत होते की ते पैसे."

"तेव्हा युद्ध नव्हतं."

"तेव्हाही होतं रे," बेन्या म्हणाला. "आणि त्या थिएटरला स्वतःला सरकारी अनुदान होतं. इराकवर बाँब टाकणाऱ्या ब्रिटिश सरकारचं. ते कुणी परत केलं? पंगतीला सगळ्यांना बसवायचं आणि एकालाच सांगायचं, तू आधी हात दाखव."

सतीश गप्प झाला. थिएटरने ऑगस्ट संपायच्या आत अट मागे घेतली, पण तोवर महोत्सव दुसरीकडे गेला होता, ही माहिती मात्र त्यानेच दिली. माणूस प्रामाणिक आहे, फक्त चुकतो.

"हेच! हेच म्हणतोय मी," विन्या मांडी थोपटत म्हणाला. "इस्रायलविरुद्ध कुणी बोलायचंच नाही, बंद—"

"तू थांब. तुला सॅन फ्रान्सिस्को ऐकवतो." बेन्या २००९ मध्ये कंपनीच्या कामासाठी तिथे होता. १९८० पासून चाललेला, जगातला सगळ्यात जुना ज्यू चित्रपट महोत्सव. कॅस्ट्रो थिएटर, १९२२ सालचं. "सकाळपासून बसलो होतो मी. खेळाच्या आधी तिथे ऑर्गन वाजवायचे. बाया-बापे डबे घेऊन आलेले, आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धेसारखे. आणि दुपारी लागला रेचल कॉरीवरचा माहितीपट."

रेचल कॉरी कोण हे विन्याला सांगावं लागलं. २३ वर्षांची अमेरिकन मुलगी, २००३ मध्ये गाझातल्या रफाहला इस्रायली लष्कराच्या बुलडोझरसमोर उभी राहिली आणि त्याखाली मेली. महोत्सवाने तिच्या आईलाच बोलावलं होतं.

"आधी इस्रायलच्या बाजूचा एक जण बोलला. लोकांनी त्याची हुर्यो उडवली, मला ते आवडलं नाही. पण बोलला तो. मग सिनेमा, मग ती आई. टाळ्या काय, आरडाओरडा काय! पण सगळे एका छपराखाली."

"ज्यूंच्या महोत्सवात असला सिनेमा? काढला कुणी?"

"सिमोन बिटॉन. ज्यू बाई. जन्म मोरोक्कोचा."

विन्याने चहा फुंकला, तो आधीच गार झालेला होता.

"पुढे काय झालं तेही सांग," सतीश म्हणाला. "देणगीदार खवळले. पुढच्या वर्षी तिथल्या ज्यू फेडरेशनने अनुदानाला अटी घातल्या. पैसा बोलतोच, बेन्या."

"बोलतो ना. म्हणून तर आपणही बोलायचं, हॉलमध्ये बसून. दारालाच कुलूप लावलं तर भांडणार कुणाशी? भिंतीशी?"

"एक मिनिट," सुरेखा म्हणाली. "जुलैतला तो शनिवार होता ना? शब्बाथला सिनेमा?"

"आईला सांगू नका," बेन्या म्हणाला, आणि तिथून चर्चा घसरली.

कारण सुरेखाला 'बूट पॉलिश' आठवला. गणपतीत पडद्यावर तो लावायचा ठराव झाला होता आणि अध्यक्ष विन्याने "रडका आहे" म्हणून खोडला होता.

"डेव्हिडचा तो सिनेमा," बेन्या म्हणाला. "फिल्मफेअर मिळालं त्याला. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आमच्यातला."

"डेव्हिड ज्यू? मी गोव्याचा समजत होतो! जॉन चाचा होता ना त्यात?"

"आणि नादिरा? फ्लॉरेन्स एझिकेल. सुलोचना? रूबी मायर्स, १९७३ चा फाळके पुरस्कार."

"सुलोचनाबाई ज्यू?" विन्या उठूनच उभा राहिला. "अरे, त्या कोल्हापूरच्या! देव्हाऱ्यातल्या देवीसारख्या दिसायच्या!"

"ती वेगळी!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. सुरेखाला ठसका लागला. पुढच्या गणपतीत 'बूट पॉलिश' लावायचाच, असं तिने ठसक्यातच जाहीर केलं.

"लावा. प्रोजेक्टरचे पैसे मी देतो," विन्या म्हणाला.

"तुझे पैसे?" सतीशने मान हलवली. "आधी हात दाखव. मंडळाच्या वर्गणीचा हिशोब राहिलाय तुझा."

बेन्या इतका हसला की कट्ट्यावरून घसरला. विन्याने रागाने पाचशेची नोट काढली, चहावाल्याकडे सुटे नव्हते, आणि बिल सतीशच्या खात्यावर मांडलं गेलं.