नसलेल्या सिनेमाचं संगीत

१९७८ च्या सप्टेंबरात जपानमध्ये एका भारतीय सिनेमाचा साउंडट्रॅक निघाला. नट नाहीत, पटकथा नाही, दिग्दर्शक नाही. सिनेमा बनला नाही, कुणाला बनवायचाही नव्हता. अल्बमचं नाव ‘कोचीन मून’. हारुओमी होसोनो हा संगीतकार आणि तादानोरी योकू हा चित्रकार भारतात भटकून गेले होते, त्या भटकंतीतून ही मनातल्या हिंदी सिनेमाची तबकडी आली. वेष्टणावरचं चित्र अर्थातच योकूचं. एका बाजूला ‘मलबार हॉटेल’ ही तीन भागांची रचना: तळमजला, वरचा मजला, गच्ची. दुसऱ्या बाजूला एका रचनेचं नाव चक्क ‘हेपटायटिस’. भारतात येऊन आजारी पडणारे पाहुणे पुष्कळ, पण त्यातून ठेका काढणारा माझ्या माहितीत हा एकटाच.

परदेशी माणसाने केलेलं ‘भारतीय’ संगीत म्हटलं की मी आधी सतार शोधतो. दोन आलाप, थोडा तबला, उदबत्तीचा धूर. इथे तसलं काही नाही. सगळा कारभार सिंथेसायझरचा. पाणथळ जागेतले किडे किरकिरावेत तसे आवाज, मध्येच काहीतरी बुडबुडतंय, आणि खाली यंत्राचा न थकणारा ठेका. भारत कसा ‘ऐकू येतो’ याची नक्कल करायच्या भानगडीत तो पडलाच नाही. उकाड्यात, तापात, परक्या गावी रात्री झोप लागत नाही तेव्हा डोक्यात जे चालतं ते त्याने वाजवलं. म्हणून ते खरं वाटतं.

या तबकडीवर र्‍युइची साकामोतो होता, संगणकावर स्वर बसवणारा हिदेकी मात्सुताकेही होता. दोनच महिन्यांनी होसोनो, साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्या ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’चा पहिला अल्बम आला. त्यातलं ‘फायरक्रॅकर’ हे मार्टिन डेनी या अमेरिकन वादकाची रचना. डेनीने अमेरिकन दिवाणखान्यांसाठी बनवलेला खोटा, गोड पूर्वेकडचा देश होसोनोने उचलला आणि यंत्रातून वाजवून परत पाठवला. थट्टाही आणि प्रेमही. पुढे तिघे जपानमध्ये किती लोकप्रिय झाले ते सगळीकडे लिहिलेलं आहे, त्यात मी शिरत नाही.

मला म्हणायचंय ते वेगळंच. जपानी न्यू वेव्हमधून, म्हणजे सत्तरीच्या अखेरीस आलेल्या सिंथेसायझरवाल्या पॉप-रॉकच्या लाटेतून, आलेली ही मंडळी सिनेमासाठी इतकं चांगलं का लिहू शकली? माझं उत्तर: सिनेमा यायच्या आधीच ते सिनेमाचं संगीत करत होते. पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगायची सवय त्यांना लागलीच नव्हती.

साकामोतोचंच बघा. नागिसा ओशिमा म्हणजे साठच्या दशकातल्या जपानी नवसिनेमाचा सगळ्यात भांडखोर दिग्दर्शक. ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ (१९८३) साठी त्याने साकामोतोला बोलावलं ते नट म्हणून, जावामधल्या, जपान्यांनी चालवलेल्या युद्धकैदी छावणीच्या कॅप्टनच्या भूमिकेसाठी. साकामोतोने अट घातली: संगीतही मीच करणार. सिनेमाला संगीत द्यायचा अनुभव नाही, समोर डेव्हिड बोवीसारखा इंग्रज रॉकस्टार, आणि हा अट घालतोय! ओशिमाने मान्य केली. युद्धपट म्हटला की नगारे आणि तुताऱ्या ठरलेल्या. इथे सुरुवातीलाच घंटांसारखी खणखणणारी, नाताळाची की बौद्ध मंदिराची ते कळू न देणारी चाल येते. ती ना कैद्यांची बाजू घेते ना पहारेकऱ्यांची. या संगीताला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. चारच वर्षांनी आलेल्या ‘द लास्ट एम्परर’च्या संगीताला ऑस्कर मिळालं, ते तिघांत वाटून: साकामोतो, काँग सू आणि टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडचा डेव्हिड बायर्न. तिघांतले दोघे न्यू वेव्ह बँडवाले!

(याच साकामोतोने विद्यार्थीदशेत तोरू ताकेमित्सुच्या कार्यक्रमाबाहेर त्याच्याविरुद्ध पत्रकं वाटली होती. पारंपरिक जपानी वाद्यं वापरतो म्हणून राग! ताकेमित्सु म्हणजे ‘वुमन इन द ड्यून्स’चं अंगावर वाळू सरकवणारं संगीत देणारा माणूस. ओशिमाच्या सिनेमांनाही त्याने संगीत दिलं होतं. पत्रकं वाटणारा पुढे त्याच दिग्दर्शकाकडे पोचला.)

जपानमध्ये आणखी एक चांगली रीत आहे, इमेज अल्बमची. सिनेमा तयार व्हायच्या आधी, नुसत्या टिपणांवर आणि रेखाटनांवर संगीतकार एक पूर्ण अल्बम करतो. अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक मियाझाकीच्या ‘नाउसिका’चा (१९८४) असा अल्बम जो हिसाइशीने आदल्या वर्षीच केला, आणि त्यावरूनच सिनेमाचं काम त्याच्याकडे आलं. गंमत म्हणजे त्या सिनेमाच्या जाहिरातीसाठीचं गाणं होसोनोने रचलं होतं, पण ते सिनेमात नाहीच. म्हणजे या गृहस्थाच्या खात्यात सिनेमा नसलेला साउंडट्रॅकही आहे आणि सिनेमात नसलेलं सिनेमाचं गाणंही. पुढे त्याला खरेखुरे सिनेमेही मिळाले, दिग्दर्शक कोरेएदाच्या ‘शॉपलिफ्टर्स’पर्यंत (२०१८).

आपल्याकडे गाणं आधी रेकॉर्ड होतं, मग चित्रित होतं. ही आपली जुनी आणि उत्तम पद्धत. पण पार्श्वसंगीताला हा मान क्वचितच. संकलन संपत आलं, प्रदर्शनाची तारीख डोक्यावर, की मग ‘इथे जरा व्हायोलिन भरा’. भरा! पोती भरल्यासारखं.

आता माझा सगळ्यात लाडका. सुसुमू हिरासावा. त्याचा ‘पी-मॉडेल’ हा १९७९ च्या लाटेतला बँड, चिडका, धारदार, घाईत असल्यासारखा. ‘प्लास्टिक्स’ आणि ‘हिकाशू’ यांच्याबरोबर त्याचं नाव घेतात. अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक सातोशी कोन हा त्याचा जुना चाहता. आपल्या कल्पनांवर हिरासावाच्या संगीताचा किती प्रभाव आहे हे कोन उघड सांगायचा. ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’ (२००१) आणि ‘पाप्रिका’ (२००६) दोन्हींचं संगीत हिरासावाचं. ‘पाप्रिका’तली मिरवणूक आठवा: फ्रिज, बाहुल्या, वाद्यं वाजवणारे बेडूक, सगळे नाचत निघालेत आणि जग गिळत चाललेत. गाणं ठार उत्साही आहे. कुठेही ‘घाबरा’ म्हणून सांगत नाही, आणि म्हणूनच भीती वाटते. त्यात गाणाऱ्या आवाजांतही व्होकॅलॉइड म्हणजे यंत्राचा आवाज मिसळलेला आहे. इथे संगीत चित्राच्या मागे नाही, चित्र संगीताच्या तालावर निघालंय. कोन २०१० मध्ये गेला. त्याच्यानंतर हिरासावाला तसा दिग्दर्शक मिळालेला नाही असं मला वाटतं, वाद घालायचा तर घाला.

वाद घालण्याआधी मुंबईतली एक तबकडी ऐका. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले जुने वादक. १९८२ साली त्यांनी जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रं, सूर आणि ठेका काढणारी, घेतली, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. त्यांवर भैरवी, ललत, मालकंस धरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. यातलं टीआर-८०८ यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने नुकतंच गाजवलेलं. तबकडी फारशी चालली नाही, विसरली गेली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चक्रावले, कारण शिकागोत नंतर जन्मलेल्या अ‍ॅसिड हाउस या यांत्रिक नाचसंगीतासारखं काहीतरी मुंबईत आधीच वाजलेलं होतं. सिंग २०१५ मध्ये गेले. वादक आपल्याकडे होते, यंत्रंही आली होती. या आवाजाभोवती एखादा सिनेमा रचावा असं इथल्या कुणा दिग्दर्शकाला का वाटलं नाही, हे जुन्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत वावरलेल्या कुणी सांगितलं तर मला खरंच ऐकायचंय.