तुलना करा, पण सोफ्यावरूनच

फॅमिली ग्रुपवर कुणी समानतेचा विषय काढला की घाबरायचं नाही, सरळ दुसऱ्या देशात जायचं. व्हिसा लागत नाही, सोफा पुरतो. घरातली बाई कुरकुरली तर अफगाणिस्तान काढा, "तिथे सहावीनंतर पोरींना शाळा बंद आहे, तुझं काय वाईट चाललंय?" तिने नॉर्वे काढलं तर ते कल्चर वेगळं, आपल्याला लागू नाही.

हुकमाचा पत्ता म्हणजे स्वित्झर्लंड. १९५९ ला तिथल्या पुरुषांनी मतदान करून बायकांच्या मताधिकाराला चक्क नाही म्हटलं, तो मिळाला १९७१ ला, आणि अपेनझेलच्या एका कॅंटनात (म्हणजे तिथलं राज्य) स्थानिक मताधिकार तर १९९० मध्ये कोर्टाने कान धरला तेव्हा कुठे. आपल्याकडे १९५० च्या घटनेतच! हे असं सांगा की जणू सही तुमचीच होती. पहिल्या निवडणुकीच्या यादीतून २८ लाखांच्या आसपास बायकांची नावं गळली, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई, बस्स, हे मात्र गिळून टाका. (फोनमध्ये नुसत्या 'कुलकर्णी वहिनी' म्हणून किती सेव्ह आहेत तेही बघू नका.)

मग ठेवणीतलं वाक्य, "फेमिनिझम म्हणजे वेस्टर्न फॅड." अडचण एवढीच की बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ लाच 'स्त्रीपुरुषतुलना' छापली, तीही मराठीत, आणि सगळे दोष बाईच्याच पदरात टाकता तर तुमचं काय हो, असं खडसावून विचारलं. म्हणजे तुलना करण्यातही बाईच पुढे, काय बोलणार. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध मुंबईत बायकांचा लाटणी मोर्चा घेऊन निघाल्या, "ती लाटणी पण वेस्टर्न होती का रे?" असं विचारणारी एखादी आत्या ग्रुपवर असतेच. नेट गेलं म्हणा.

आइसलंडचं नाव मात्र चुकूनही काढू नका. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या नव्वद टक्के बायकांनी ऑफिस आणि घर दोन्हीकडचं काम बंद ठेवलं, बाप्ये पोरं घेऊन कामावर गेले आणि दुकानांतली सॉसेजेस संपली, कारण तेवढंच रांधता येत होतं. आपल्याकडे ती पण सोय नाही. पोह्याचा डबा कुठल्या फळीवर असतो तेवढं आजच गुपचूप बघून ठेवा, आणि तो डाळीचा नाही ना, ते झाकण उघडून बघा.