अण्णांची आवक नोंदवही

घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागू नये म्हणून काय करायचं, तर चांगला अँटिव्हायरस घालायचा, असं दुकानदार सांगतो. त्यानं आमच्या अण्णांना पाहिलेलं नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. आलेलं टपाल फोडायचं, आवक नोंदवहीत चढवायचं आणि मुदतीत उत्तर धाडायचं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. मुलानं ईमेल काढून दिला तेव्हा त्यांना नव्या जागी नेमणूक झाल्याचाच आनंद झाला. "अनोळखी मेल उघडू नका," असं मी सांगायला गेले तर म्हणाले, "सूनबाई, न फोडलेलं टपाल टेबलावर सापडलं तर आमच्याकडे मेमो निघायचा."

त्यामुळे सगळं उघडलं जायचं. परदेशातल्या कुण्या दिवंगत मंत्र्याच्या विधवेनं त्यांना कोट्यवधी डॉलर देऊ केले. अण्णा हुरळून जाणाऱ्यांतले नव्हेत, पण उत्तर देणं भाग होतं. त्यांनी लिहिलं, तेही मराठीत: "आपले पत्र मिळाले. विषयांकित प्रकरणी मूळ कागदपत्रे व वारस दाखल्याची सत्यप्रत सादर करावी, म्हणजे पुढील कार्यवाही करणे सोयीचे होईल." बाईंचं पुन्हा काही आलं नाही. महिन्याभरानं अण्णांनी स्मरणपत्र क्रमांक १ पाठवलं.

असल्या पत्रांनी यंत्राला काही होत नाही. खरी भीती सहपत्रांची, म्हणजे मेलला जोडून येणाऱ्या फाईलींची. आणि सहपत्रं न पाहता प्रकरण निकाली काढणं अण्णांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

अँटिव्हायरस होता की! पैसे मोजून घेतलेला. कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी स्वतःचं आटोपून घ्यायचा, मग आम्हाला वाव. मुदत संपत आली की पडद्यावर लाल पट्टी: 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे.' अण्णांना वाटायचं नोटीस आली. पुढं कळलं, की विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस फुकटच असतो आणि अपडेट वेळच्या वेळी होऊ दिले तर घरगुती वापराला तो पुरतो. मग तो विकतचा काढून टाकला. पण दाराशी कुणीही पहारेकरी ठेवला आणि घरचा कर्ता पुरुषच "या, या, बसा" म्हणाला, तर काय करणार?

म्हणून एका रविवारी शिकवणी लावली. ४ मे २००० ची गोष्ट सांगितली. फिलिपिन्समधल्या ओनेल द गुझमन नावाच्या तरुणानं बनवलेली फाईल 'आय लव्ह यू' असा विषय लावून जगभर गेली. जो उघडेल त्याच्या आउटलुक या मेलच्या प्रोग्राममधल्या साऱ्या पत्त्यांवर ती आपली आपण रवाना व्हायची, वर फोटोंच्या फाईली पुसून तिथं आपलीच प्रत ठेवायची. ब्रिटिश संसदेला ईमेल बंद करावी लागली. त्या पोराला हवं काय होतं, तर दुसऱ्यांचे पासवर्ड मारून फुकटात इंटरनेट! आणि असल्या गुन्ह्याला तेव्हा तिथं कायदाच नसल्यानं तो सुटला.

आई मेथी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "एवढे मोठमोठे साहेब, आणि कचेरीत बसून प्रेमपत्रं उघडत होते?"

आमच्याकडे त्या विषयाचं पत्र आलं असतं तर कुणी हातही लावला नसता. चुकून शेजारच्यांचं आलं म्हणून बाजूला ठेवलं असतं. मराठी पेन्शनराला गाठायचं तर विषय हवा 'महागाई भत्त्याचा फरक', नाहीतर 'हयातीचा दाखला न दिल्याने निवृत्तिवेतन स्थगित'. हा दुसरा नोव्हेंबरात पाठवला तर माणूस चष्मा न शोधता क्लिक करील.

पहिला आलाच होता. त्या प्रेमपत्राची गंमत अशी, की ते साध्या मजकुराची फाईल असल्याचं दिसायचं. नावाचं खरं शेवटचं टोक विंडोज दाखवतच नसे. अजूनही आपण सांगितल्याशिवाय दाखवत नाही. मी फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली. डाउनलोडमध्ये 'महागाई फरक डॉट पीडीएफ' म्हणून साळसूदपणे बसलेल्या फाईलीच्या मागे एकदम 'डॉट ईएक्सई' उमटलं. म्हणजे तो कागद नव्हताच, चालवायचा प्रोग्राम होता. डबल क्लिक करायच्या आत वीज गेली होती म्हणून आम्ही वाचलो, महावितरणचे आभार.

अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "पाकिटावर एक आणि आत भलतंच? ही तर सरळ अफरातफर आहे!" टपाल घेणारा कारकून तिथं संपला आणि हिशेब तपासनीस जागा झाला.

दुसरा बंदोबस्त मी न सांगता केला. अण्णांचं खातं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'वरून 'स्टँडर्ड'वर आणलं. चुकून काही शिरलंच तर त्याला यंत्रभर हातपाय पसरता येऊ नयेत. पण अण्णांच्या लक्षात आलं. "माझे अधिकार काढले?" जेवताना शब्द नाही. शेवटी मी म्हटलं, "अधिकार काढले नाहीत अण्णा, पूर्वमान्यतेची पद्धत आणली. प्रस्ताव तुम्ही सादर करायचा, मंजुरी मी द्यायची." कळी खुलली. आता प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा असला तरी माझ्याकडे टिपणी येते.

मग नोंदवही आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबडी. रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, पाठवणाऱ्याचं नाव, खरा पत्ता, विषय, सहपत्रं, शेरा. 'खरा पत्ता' हा रकाना माझ्या शिकवणीतला. नाव कुणीही काहीही लावतो. नावावर टिचकी मारून मागचा पत्ता बघायचा. 'आयकर विभाग, परतावा मंजूर' अशी मेल आली, तर अण्णांनी पत्ता उघडून मला हाक मारली. "प्राप्तिकर खातं फुकटच्या जीमेलवरून लिहील? जावक क्रमांक नाही, संदर्भ नाही, सहीखाली हुद्दा नाही." शेरा: बनावट. दप्तरी दाखल.

आता ताप उलटा सुरू झाला. चोर लोक फाईलला कुलूप घालून तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहितात, म्हणजे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत डोकावता येत नाही, हे मी बोलता बोलता सांगून बसले. नेमकं त्याच आठवड्यात बँकेचं खरंखुरं स्टेटमेंट आलं. कुलूपबंद, आणि खाली सूचना: नावाची पहिली चार अक्षरं व जन्मतारीख. अण्णांनी ते अडवलं. "सगळ्या गल्लीला माझं नाव ठाऊक आहे. आणि जन्मतारीख तर गुरुजींनी शाळेत टाकलेली, १ जून. १ जूनला निम्मा महाराष्ट्र जन्मलाय. हे काय कुलूप झालं?" मला उत्तर सुचलं नाही. ते छत्री घेऊन शाखेत गेले आणि पासबुक छापून आणलं.

फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असते. ती काम झाल्यावर काढून ठेवायची, कारण खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही कुलूप ठोकतो. ती आईंच्या कपाटात पैठणीच्या घडीत असते. किल्ली त्यांच्या कमरेला. त्या खात्यात आम्ही कुणी ढवळाढवळ करत नाही.

राहता राहिला माझा नवरा. तो आयटीत आहे, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरकडे ढुंकून बघत नाही. परवाच्या रविवारी मात्र लॅपटॉपसमोर तोंड पाडून बसला होता. त्याच्या कंपनीत कर्मचाऱ्यांची परीक्षा बघायला मुद्दाम खोट्या मेल पाठवतात. 'बोनसची सुधारित यादी' अशी एक आली आणि यानं ती उघडली. शिक्षा म्हणून सुरक्षिततेचा सक्तीचा व्हिडिओ, शेवटी प्रश्नपत्रिका.

अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. "खरा पत्ता पाहिला होतास?"

"घाईत होतो, अण्णा."

अण्णा काही बोलले नाहीत. आत गेले, नोंदवही आणली, सगळे रकाने व्यवस्थित भरले आणि शेऱ्यात लिहिलं: "संबंधितास लेखी समज द्यावी. पुनरावृत्ती झाल्यास अधिकार काढून घ्यावेत." खाली मंजुरीसाठी माझ्या सहीची जागा सोडली होती. मी सही केली.