मोरीचा पंप आणि जॅझ

हॉलच्या डिपॉझिटमधून दोनशे रुपये कापले. पावतीवर कारण : ‘मोरीच्या पंपाचा गैरवापर’. खाली सही-शिक्का.

आमचं प्रहसन १९३५ सालातलं. मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबीचा जॅझ बँड वाजायचा तेव्हाचं. नट चार, भूमिका अकरा, मिशा तीन. आता इंदुरात ट्रम्पेटवाला हवा तर लग्नाच्या बँडकडेच जावं लागतं. आमचे उस्ताद वाजवायचे झकास, पण विरहगीतातसुद्धा घोडीवरचा नवरदेव दिसायचा. अमेरिकेत ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमधला बबर मायली १९२०च्या दशकात ट्रम्पेटच्या तोंडावर तुंबलेली मोरी मोकळी करायच्या अशाच पंपाची रबरी वाटी उघडझाप करून माणसासारखा कण्हता सूर काढायचा. आम्ही हॉलच्या स्वयंपाकघरातला पंप घेतला, दांडा काढला, वाटी घासूनपुसून उस्तादांना दिली. ‘भिया, ये तो रो रिया है!’ उस्ताद खूश.

दुसऱ्या अंकात नायिका गायला लागली आणि विंगेत व्यवस्थापक काका उगवले. हातात नुसता दांडा.

‘याचं खालचं कुठाय?’

‘काका, हळू. प्रयोग चालू आहे.’

‘मोरी बंद आहे. वड्यांचं बेसन अडकलंय.’

‘पाच मिनिटं. गाणं संपू द्या.’

काकांनी कान दिला. ‘ते रडतंय ते आमचं आहे?’

‘हो.’

‘मग त्याला म्हणावं, या कडव्यानंतर सोड. पुढचं तोंडाने रडेल.’

कडवं संपताच काका स्टेजवर. उस्तादांच्या हातातून वाटी घेतली, प्रेक्षकांना नमस्कार केला, गेले. प्रयोगातली सगळ्यात मोठी टाळी. नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, ‘ते पंपवाले कोण? टायमिंग काय आहे!’ चार जणांनी घसा फोडून गायलेल्या गाण्यांबद्दल अवाक्षर नाही. वर एक काकू, ‘आपलं नाट्यसंगीत सोडून हे इंग्रजी कशाला?’ ‘अलबेला’ सिनेमात (१९५१) जॅझ ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचा बँड चक्क पडद्यावर दिसतो, पण ते संगीत अण्णांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं, म्हणून आपलं. आमचं तेवढं इंग्रजी.

बरं, नियम म्हणजे नियम, मान्य. पण गेल्या रविवारी त्याच हॉलमध्ये कुणाचं तरी लेडीज संगीत होतं. डीजे मध्यरात्रीपर्यंत, स्टेजवर फटाके, मखमली पडद्याला वीतभर भोक. त्यांचे किती कापले, म्हणून विचारलं.

काका म्हणाले, ‘त्यांच्या अजून दोन मुली आहेत लग्नाच्या.’