दीडशे पाउंडांचा घाईचा निकाल

सोलापुरातील गाडीमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. पेट्रोल इंजिनाच्या कोणत्याही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आतल्या हवेवर येणारा दाब, दर चौरस इंचाला १५० पाउंडांखाली आले की इंजिन उतरवावे; सर्व आकडे सारखे आले तर इंजिन निरोगी समजावे; सिलिंडरमध्ये तेल टाकून आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि न वाढल्यास हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचे हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पत्रा) गेले, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा, पण त्यावर विसंबून हजारो रुपयांचे काम काढणे धोक्याचे आहे.

पहिला दावा १५० चा. मापक जो आकडा दाखवतो, तो इंजिनाच्या प्रकृतीइतकाच चाचणी कशी घेतली यावरही ठरतो. इंजिन गरम असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, इंधन आणि ठिणगी बंद असावी, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा असावा, बॅटरी भरलेली असावी आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फ सारखाच, म्हणजे पिस्टन साधारण पाच-सहा वेळा हवा दाबेपर्यंत मारावा. होटगी रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये माझ्याच गाडीचे चारही सिलिंडर ११५ च्या आसपास आले आणि 'रिंग-पिस्टन' असे सांगून झाले. दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्ज करून, इंजिन तापवून आणि थ्रॉटल उघडा ठेवून मोजले, तेव्हा तेच सिलिंडर १६५ दाखवू लागले. शिवाय सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. येथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा पाचेक टक्के कमी असल्याने मुंबईत १६० दाखवणारे इंजिन येथे आठ-नऊ पाउंड कमी दाखवील, आणि त्यात इंजिनाचा काहीही दोष नसेल. ज्या हायब्रीड गाड्यांत हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद होतो, त्यांचा आकडा तर मुळातच कमी असतो. म्हणून पाहायचे ते त्या गाडीच्या पुस्तकातील किमान मर्यादा आणि सिलिंडरांमधील तफावत. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली जाऊ नये, असा एक प्रचलित निकष आहे. अनेक मिस्त्री १० ते १५ टक्क्यांपलीकडेच सावध होतात. १४०, १३८, १४२, १३६ हे आकडे या संदेशाप्रमाणे चारही नापास, पण त्यांच्यात चार-पाच टक्क्यांचाच फरक आहे. उलट २००, १९५, १५०, १९८ हे सर्व पास, तरी चिंता करावी ती येथे तिसऱ्या सिलिंडरची.

सारखे आकडे म्हणजे निरोगी इंजिन, हेही खरे नाही. व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ साधणाऱ्या टायमिंग बेल्ट किंवा चेनचा एखादा दात सरकला, तर सर्व सिलिंडर एकसारखेच खाली येतात. आकडे सारखेच, पण फार चढे आले, तर ज्वलनकक्षात कार्बन साचलेला असू शकतो.

तेलाच्या चाचणीत तथ्य आहे, पण अर्धेच. चमचाभर तेलाने आकडा चांगलाच वाढला, तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजल्याचा संशय योग्य. मात्र तेल सढळ हाताने ओतले, तर वरची जागाच कमी होऊन निरोगी सिलिंडरचाही आकडा फुगतो. न वाढल्यास गॅस्केटइतकाच संशय व्हॉल्व्हवर जातो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर मात्र त्यांच्यामधील गॅस्केट आधी पाहावे. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्हची बैठक झिजून टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाची) फट कमी होऊ शकते; मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि कॉम्प्रेशन जाते; अशा वेळी हेड उतरवण्याआधी फट मोजणे हे त्यामानाने छोटे काम आहे. तरीही शंका राहिली, तर पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडावी आणि कान द्यावा: फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा तडकलेले हेड.