मालकाचं उत्तर: उदबत्ती, पंखा आणि लाइटबिल

ताई, नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की ४५ हजार घालून एप्रिलमध्ये हॉल-बेडरूमच्या खिडक्या बदलल्या, तरी उदबत्तीचा धूर हलतोच, लाइटबिल उलट वाढलं, आणि आम्ही म्हणे ३० टक्के वाचतील असं सांगितलं होतं. त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. बेडरूमला उजव्या कोपऱ्यात ग्रिलमागे सिलिकॉन मारायचं राहिलं होतं, ती आमच्या पोराची चूक. त्याच आठवड्यात मी स्वतः येऊन भरून दिलं, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. असो.

आता उदबत्तीचं. काम घेण्याआधी मीच ती लावून दाखवली होती. दारं-खिडक्या बंद, सगळे पंखे बंद, फक्त बाथरूमचा एक्झॉस्ट चालू. तो घरातली हवा बाहेर ओढतो, मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत शिरते. तुमच्या जुन्या स्लायडिंग खिडकीच्या कडेला फट बुजवणारे ब्रश असतात, ते झिजून गेले होते. दोन शटर जिथे मध्ये एकमेकांत अडकतात तिथे धूर एकदम आडवा झाला, तेव्हा तुम्हीच "अगं बाई" म्हणालात. मी टेप लावून हिशोबही सांगितला होता: २ मिलिमीटरची फट, सगळ्या कडा मिळून ६ मीटर, म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर. भिंतीला तळहाताएवढं भोक पाडून ठेवल्यासारखं.

तुम्ही जो व्हिडिओ टाकलाय, त्यात काचेमध्ये पंखा फिरताना दिसतोय. नीट बघा. पंख्याखाली धरलेल्या उदबत्तीचा धूर हलणारच, त्यात खिडकीचा काय दोष? शिवाय धूर ढकलला जातोय तो खिडकीच्या बाजूने नाही, एसीच्या पाइपाच्या भोकाकडून. ते भोक एसीवाल्याने पाडलं आणि भोवती वर्तमानपत्र कोंबून गेला. दाराखाली बोटभर फट आहे ती वेगळीच. ट्रॅकच्या तळाची भोकं पावसाचं पाणी बाहेर जायला असतात, हे मी फिटिंगच्या दिवशी सांगितलं होतं. त्यांतून वारा येतो म्हणून तुम्ही एमसील भरलंत, जुलैत पाणी आत आलं, तेही आमच्याच नावावर.

बिलाचं म्हणाल तर तुम्ही मार्चचं आणि मेचं बिल शेजारी ठेवलंत. मुंबईचा मे तुम्हाला मी काय सांगू? एसी नुसतं गार करत नाही, हवेतलं पाणीही काढतो, आणि फटीतून येते ती ओलीच हवा. फट बुजली की फायदा होतो, पण तो बघायचा तर गेल्या मेचे युनिट आणि या मेचे युनिट. रुपये नाही, कारण ३०० आणि ५०० युनिटांच्या वर दरच बदलतो. त्यात मुलाच्या खोलीत नवीन एसी लागलाय, आणि मी आलो तेव्हा तो १८ वर होता. हॉलची खिडकी पश्चिमेची. ऊन काचेतून येतं, फटीतून नाही. रिफ्लेक्टिव्ह काच सुचवली तर अंधार होईल म्हणालात. घर तुमचं, मी गप्प बसलो.

३० टक्के हा शब्द माझ्या तोंडचा नाही. काउंटरवरचा पोरगा बोलला असेल तर त्याला समज दिलीय. असा आकडा कोणी छातीठोक सांगूच शकत नाही. नीट मोजायचं तर दाराला मोठा पंखा बसवून ५० पास्कल दाबाला हवा मोजतात, ते मशीन भांडुपच्या आमच्या गाळ्यात कुठून येणार?

बावीस वर्षं हे काम करतोय. गेल्या आठवड्यात मुलुंडचं एक गिऱ्हाईक मेजरमेंट झाल्यावर तुमचा रिव्ह्यू दाखवून परत गेलं. तीन पोरांचे पगार आहेत, म्हणून एवढं लांबलं. यापुढे काय होईल, काय नाही, ते कोटेशनमध्येच लिहून देत जाऊ, आणखीही काही सुधारणा चालू आहेत.

रविवारी सकाळी येतो. पाइपाचं भोक पुट्टीने भरून देतो, ट्रॅकमधलं एमसील काढतो, पैसे नकोत. उदबत्ती मीच आणतो, पंखा तेवढा बंद ठेवा.