सकाळचा उजेड वहीत घालवू नये

पक्षीनिरीक्षणाच्या नोंदींवरचा तुमचा लेख आवडला सर, पण ‘निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो, तेव्हा पाहिलेलं रोजच्या रोज लिहून काढावं’ हा सल्ला काही पटला नाही. हिवाळ्यात पुण्याजवळच्या कवडी पाटला चक्रवाक बदकं नदीत उतरलेली असताना वहीत मान घालून कोण बसणार? मी तिथे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर यादी टाकतो. वेळ, जाती, अंदाजे संख्या, बस्स. शिवाय दोन-चार शब्द खिशातल्या डायरीत, तेही माझे मलाच वाचता येतील असे. सविस्तर लिखाण एप्रिल-मेमध्ये. तोवर बरेचसे पाहुणे पक्षी परतलेले असतात आणि ऊनही घराबाहेर पडू देत नाही.

अपवाद सुगरणीचा. पावसाळ्यात नर अर्धवट विणलेल्या खोप्याला लटकून पंख फडफडवतो, मादी येऊन खोपा नीट पारखते, आणि तिला पसंत पडला तरच तो पुढची नळी विणायला घेतो. हे त्याच दिवशी उतरवलं नाही तर नंतर डायरीत नुसतं ‘सुगरण दिसली’ एवढंच सापडतं.

आणि एक विनंती: घरट्याची नेमकी जागा लेखात छापू नका. काही हौशी फोटोवाले आडव्या येणाऱ्या फांद्या सरळ छाटून टाकतात.